नांगर टाकण्याआधी चार समुद्र ओळखा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीतल्या खेळांवरच्या आपल्या पुरवणीत ‘सी ऑफ थीव्ज’ या चाचेगिरीच्या व्हिडिओ गेमवर अर्धे पान आले. समुद्र चित्रातच पाहिलेली आमच्या वर्धा-यवतमाळकडची पोरेही हा गेम खेळतात, त्यामुळे ते पान इकडे बरेच फिरले. पण त्यातला मुख्य सल्ला असा होता : बेट दिसले की नांगर टाका, पोहत जा, नकाशावरची फुली खोदा, पेटी घेऊन या. हा सल्ला जो पाळेल त्याची पहिली दोन-तीन जहाजे तरी बुडतीलच. शिवाय लेखकाने चारही समुद्र ‘सुंदर बेटे’ एवढ्या दोन शब्दांत उरकले. प्रत्येक समुद्राचे हवामान, खडक, मासे आणि धोके वेगळे आहेत. एका ठिकाणची रीत दुसऱ्या ठिकाणी नेली की नुकसान ठरलेले. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी जहाजाबद्दल, कारण बेट हातचे जाते ते बहुधा जहाजावरच्या चुकीने. जहाजे तीन प्रकारची : लहान स्लूप एक-दोघांसाठी, मधले ब्रिगँटीन तिघांसाठी, मोठे गॅलिअन चौघांसाठी. वाऱ्याच्या रेषा आकाशात पांढऱ्या पुसट दिसतात. उपणणीला उभे राहताना वारा पाहून तोंड फिरवतात, तसेच शीड फिरवायचे. वारा भरला की शीड फुगलेले दिसते आणि तसा आवाजही येतो. वारा अगदी समोरून असेल तेव्हा शिडे सरळ ठेवावीत. अशा वेळी स्लूप सर्वांत वेगवान असते आणि वारा पाठीशी असला की गॅलिअन. मागे मोठे जहाज लागले आणि तुम्ही स्लूपवर असलात, तर वाऱ्याच्या तोंडावर पळा. उलट दिशेला पळालात तर ते तुम्हाला गाठणारच. गॅलिअनवर सुकाणूपाशी उभ्या असलेल्याला खाली सोडलेल्या शिडांमुळे समोरचे काही दिसत नाही, तेव्हा एकाने पुढे उभे राहून ‘डावीकडे, उजवीकडे’ ओरडत राहायचे. चौघेही खाली नकाशाच्या टेबलाभोवती जमले की जहाज खडकावर गेलेच.

बेटाजवळ थांबताना नांगर टाकायची गरज जवळजवळ नसते. बेट अजून लांब असतानाच शिडे तीन-चतुर्थांश गुंडाळा, किनाऱ्याच्या आडवे वळा आणि नाक बाहेरच्या समुद्राकडे आले की उरलेले शीडही गुंडाळून टाका. जहाज आपोआप थांबते आणि तिथेच राहते. नांगर टाकला तर निघताना तो ओढायला वेळ लागतो आणि एकट्याला तर फारच लागतो. एवढ्या वेळात दुसरे जहाज तोफेच्या टप्प्यात येते. शिडे सोडायला त्या मानाने क्षणभर पुरतो. नांगर ठेवावा तो वेग फार राहिला आणि समोर खडक आला तर. लेखात नेमके उलटे छापले आहे.

सामानाचा हिशेब असा. बंदरावरची पिंपे धुंडाळून निदान चाळीस फळ्या, पन्नास-साठ तोफगोळे आणि पंचवीस-तीस फळे जहाजाच्या पिंपांत भरल्याशिवाय निघू नये. हा आमचा आकडा आहे, गेमचा नियम नव्हे. स्वतःच्या खिशात थोडेच मावते, म्हणून बंदरावरच्या व्यापाऱ्याकडून साठवणीचा क्रेट (खोका) घ्या. तो घेऊन पिंपापिंपाशी फिरले की दहा फेऱ्यांचे काम दोन फेऱ्यांत होते. नवखे लोक हा क्रेट घेतच नाहीत, का कोण जाणे. फळांत केळे सर्वांत कमी जीव भरते, नारळ आणि डाळिंब त्याहून जास्त, आंबा आणि अननस सर्वांत वर. तेव्हा केळी किरकोळ जखमेला वापरा, अननस लढाईसाठी राखून ठेवा. मासा चुलीवर चाळीस सेकंदांत शिजतो, कोंबडी, डुक्कर, साप यांचे मांस एका मिनिटात, मेगालोडॉन (महाकाय शार्क) किंवा क्राकेन (लांब सोंडांचा समुद्री राक्षस) यांचे दोन मिनिटांत. त्यापुढे करपते, आणि तव्यावर विसरून राहिले तर जहाजालाच आग लागते. बेटावर उतरताना चुलीवर काही ठेवू नये, एवढे लक्षात ठेवले तरी खूप झाले.

जहाजाला भोक पडले तर आधी फळी ठोकायची, मग बादली. पाण्याखालच्या भोकातून पाणी जोरात येते, म्हणून खालचे आधी बुजवा. बादलीतले पाणी कठड्यापलीकडे समुद्रातच जायला हवे. घाईत ते डेकवर फेकले तर परत जहाजातच येते. बुडणाऱ्या जहाजांतली निम्मी अशीच बुडत असावीत.

आता समुद्र. नकाशावर आडवी ए ते झेड अशी अक्षरे आणि उभे एक ते सव्वीस आकडे आहेत, त्यामुळे जागा चौकटीच्या नावाने सांगता येते. वायव्येला शोअर्स ऑफ प्लेंटी, नैऋत्येला एन्शंट आइल्स, पूर्वेकडे द वाइल्ड्स आणि त्याच्याही पलीकडे डेव्हिल्स रोअर. नकाशाच्या कडेबाहेर गेलात तर पाणी लाल होते आणि जहाज आपोआप फुटू लागते. तिथे काही दडवून ठेवले असेल या आशेने जाऊ नका.

शिकण्यासाठी शोअर्स ऑफ प्लेंटीच. पाणी स्वच्छ निळे, तळ दिसतो, पांढरी वाळू, नारळी. क्रेसेंट आइल, कॅनन कोव्ह, स्मगलर्स बे ही बेटे पायी फिरायला सोपी आहेत. पाण्याखालचे खडक वरूनच दिसत असल्याने जहाज लावण्याचा सराव इथे करावा. बंदरेही जवळ आहेत, सँक्चुअरी आणि गोल्डन सँड्स.

एन्शंट आइल्सला बरेच जण ‘सोपे, जरा हिरवे’ समजतात. आमच्या मते जमिनीवर चुकायला यासारखी जागा नाही. झाडी दाट, दगडी अवशेष, गुहा आणि उंच-सखल वाटा. थीव्ज हेवन या बेटाच्या पोटात तर जहाज आत नेता येईल एवढी पोकळी आहे. नकाशा मात्र वरून काढलेला आणि सपाट असतो, त्यात उंची नसते. फुली जिथे दिसते त्या बिंदूवर तुम्ही उभे असता, खोदता, आणि काहीच लागत नाही, कारण पेटी तुमच्या पायाखालच्या गुहेत किंवा डोक्यावरच्या कड्यावर असते. अशा वेळी जागा बदलत खोदत सुटू नये. नकाशा पुन्हा हातात घ्या. फुलीच्या भोवती वाळू रंगवली आहे की गवत की खडक, ते पाहा. मग तुम्ही उभे आहात त्या जमिनीशी ताडून पाहा. वाळू दाखवली असेल आणि पायाखाली गवत असेल तर मजला चुकला. किनाऱ्याचा आकार, एखादा डोह, दोन मोठे खडक यांच्या आधाराने जागा पक्की करा. फावडे पेटीला लागले की ठक्क असा वेगळा आवाज येतो. तो आला की तिथेच आणखी खोदा, सरकू नका.

कोड्याचे नकाशे वेगळे असतात. ओळ वाचून खूण शोधायची, सांगितले तिथे कंदील वर करायचा किंवा वाद्य वाजवायचे, की पुढची ओळ उमटते. शेवटी ‘अमुक पावले, अमुक दिशा’ येते. होकायंत्र हातात धरून चालत पावले मोजावी लागतात. पळत गेलात तर हिशेब चुकतो. दोघे असाल तर एकाने नकाशा आणि एकाने होकायंत्र धरावे, वाद कमी होतात.

द वाइल्ड्सबद्दल आपल्या लेखात ‘भीतीदायक’ असा शब्द आहे. भीती वाटते ती करड्या आकाशाने आणि वठलेल्या झाडांनी, धोका मात्र पाण्यात असतो. पाणी गढूळ आहे, खडक सुळ्यांसारखे वर येतात, आणि काही वर न येता पृष्ठभागाखालीच राहतात. क्राकेन्स फॉल किंवा मरॉडर्स आर्चकडे पूर्ण शिडाने जाणे म्हणजे जहाज फोडणेच. अर्ध्या शिडाने जा, एकाला पुढे ठेवा. वादळात सापडलात तर होकायंत्र गरगरते, सुकाणू हातातून ओढले जाते आणि पावसाने जहाज भरत जाते. वादळ असताना बेटाजवळ थांबूच नये. सुकाणू घट्ट धरून एकाच दिशेने बाहेर पडावे, दुसऱ्याने सतत बादली मारावी. होकायंत्राचा उपयोग नसतो तेव्हा सूर्य, तारे किंवा दूरवरचे ओळखीचे बेट धरून चाला.

डेव्हिल्स रोअरची रीत पूर्ण निराळी. हा भाग २७ सप्टेंबर २०१८ रोजी गेममध्ये आला, आणि वल्ह्याची छोटी होडीही त्याच वेळी आली. हा योगायोग नाही. इथल्या बेटांवरचे ज्वालामुखी कधीही फुटतात. वितळलेले दगड लांबवर उडतात आणि डेकपासून तळापर्यंत भोके पाडतात. गिझर म्हणजे जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उसळतात, धरणीकंपाने चित्र हलू लागते, उद्रेकाच्या वेळी किनाऱ्यालगतचे पाणीही उकळते आणि पोहणारा त्यात भाजतो. म्हणून जहाज बेटाला लावायचे नाही. ते बरेच दूर उभे करा, शक्य असेल तर एक माणूस त्यावर फळ्या आणि बादली घेऊन ठेवा, बाकीच्यांनी होडीने जावे. होडी जहाजाच्या मागच्या बाजूला अडकवून नेता येते. ती बेटांच्या किनाऱ्यांवर सापडते, पण प्रत्येक बेटावर नसते, म्हणून इकडे येण्याआधीच शोधून घ्यावी. उद्रेक सुरू झाला आणि तुम्ही बेटावर असाल तर उघड्यावर पळू नका, कपारीत किंवा गुहेत थांबा, संपला की निघा. इथल्या मोहिमांना मोबदला जास्त मिळतो हे खरे, पण एकट्या स्लूपवाल्याने तो सोडून द्यावा. फायदा कागदावरच राहतो.

मासेमारी करणाऱ्यांसाठी समुद्र ओळखणे तर आणखी महत्त्वाचे. प्लेंटीफिन मासा फक्त शोअर्स ऑफ प्लेंटीत, त्याला गांडूळ लावायचे. एन्शंटस्केल एन्शंट आइल्समध्ये, त्याला जळू. वाइल्डस्प्लॅश द वाइल्ड्समध्ये, पुन्हा गांडूळ. डेव्हिलफिश डेव्हिल्स रोअरमध्ये, त्याला अळी. आमिष पिंपांत मिळते किंवा बेटावर फावड्याने जमीन खणून. चुकीचे आमिष लावून दोन तास बसले तरी हवा तो मासा यायचा नाही. मासे विकत घेणाऱ्या ‘हंटर्स कॉल’वाल्यांना मासा कच्चा विकण्यापेक्षा नीट शिजवून विका, भाव जास्त मिळतो. करपलेल्याला मात्र तेवढा भाव नाही.

बेटावरच्या सांगाड्यांबाबत थोडक्यात. सोन्याचे सांगाडे पाण्याने गंजतात आणि मंदावतात, त्यांच्यावर बादली ओता. वेलींनी मढलेले सांगाडे उलट पाण्याने बरे होतात. त्यांना पाण्यापासून दूर ओढून तलवारीने मारा. सावल्यांच्या सांगाड्यांवर आधी कंदिलाचा उजेड पाडल्याशिवाय वार लागत नाही. व्यापाऱ्यांसाठी प्राणी पकडायचे असतील तर पिंजरे आधी घ्यावे लागतात. साप वाद्य वाजवले की शांत राहतो, डुकराला वेळोवेळी खायला द्यावे लागते, नाहीतर ते वाटेतच मरते.

लुटीतही सगळ्या पेट्या सारख्या नसतात. रडणारी पेटी जहाजात अश्रूंनी पाणी भरते, ती डेकवर ठेवून कोणी तरी बादली घेऊन जवळ राहायचे. दारूची पेटी उचलणाऱ्याला झिंग आणते, ती घेऊन कड्याच्या वाटेने चालू नका. रागाची पेटी तापत जाते आणि पेटते, तिच्यावर पाणी ओतत राहावे. दारूगोळ्याचे पिंप जहाजाच्या पोटात ठेवू नका, एक गोळी लागली तरी तळ उडतो. किनाऱ्यावरच्या पेट्या जहाजाच्या हार्पूनने (दोरी लावलेल्या भाल्याने) ओढून घेता येतात, पोहण्याचा आणि शार्कचा त्रास वाचतो. आकाशात पक्षी घिरट्या घालत असतील तर खाली तरंगणारी पिंपे किंवा बुडालेले जहाज असते.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. या गेममध्ये लूट विकेपर्यंत तुमची नाही. जहाजावर पन्नास पेट्या असल्या तरी गेम बंद झाला की त्या गेल्या. शहरातल्या मार्गदर्शकांत लिहिलेले असते की ‘चार-पाच बेटे करून मग बंदरावर जा’. लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही तिथे हा सल्ला चालत नाही. एक बेट, लगेच जवळचे बंदर, विक्री, मग पुढचे बेट. फेऱ्या वाढतात, पण गेले तर एकाच बेटाचे जाते. भारनियमनाची वेळ ठरलेली असेल तर तिच्या आधी अर्धा तास विक्री उरकून टाकावी. छोटा यूपीएस संगणकाला पाच-दहा मिनिटे देतो, एवढ्यात दूरचे बंदर गाठता येत नाही. आणि राउटर त्याच यूपीएसवर नसेल तर संगणक चालू राहून उपयोग शून्य, कारण हा गेम इंटरनेटशिवाय चालतच नाही. राउटर आधी जोडा.

तसेच, २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या ‘डाइव्ह’ सोयीबद्दल : मोहीम निवडून जहाज पाण्याखालून थेट त्या जागी नेता येते, खूप वेळ वाचतो. पण डाइव्ह करताना जहाजावरची न विकलेली लूट मागेच राहते. वेळ वाचवायच्या नादात आधीची कमाई सोडून जाणारे पुष्कळ आहेत.

ज्यांना अनोळखी खेळाडूंची भीती वाटते किंवा ज्यांच्या घरी लहान भावंडे खेळतात, त्यांच्यासाठी डिसेंबर २०२३ पासून ‘सेफर सीज’ हा वेगळा प्रकार आहे. तिथे आपला क्रू सोडून दुसरे कोणी नसते. मोबदला कमी मिळतो, पण चारही समुद्र पाहता येतात, कोडी सोडवता येतात, खडक-वादळ-ज्वालामुखी तसेच असतात. जहाज लावायला शिकायचे असेल तर आम्ही कोणालाही आधी तिथेच पाठवू. युरोपात या गेमला बारा वर्षांवरील असा दर्जा आहे, आई-वडिलांना तेवढे माहीत असावे.

लेखातली आणखी एक माहिती दुरुस्त करावी. गेम ‘फक्त एक्सबॉक्सवर’ असल्याचे छापले आहे. रेअर या ब्रिटिश कंपनीने तो २० मार्च २०१८ रोजी एक्सबॉक्स वन आणि विंडोजवर आणला, जून २०२० मध्ये तो स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात आला आणि ३० एप्रिल २०२४ ला प्लेस्टेशन ५ वर. डाउनलोड पन्नास जीबीच्या वर जाते, त्यानंतरची अपडेटही काही जीबींची असतात. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ते उतरवायला बसू नये, तालुक्याच्या ठिकाणी कोणाकडे फायबर असेल तिथून उतरवून घ्यावे. आणि मोबाइलसाठी या गेमची वेगळी आवृत्ती नाही. त्या नावाच्या ज्या एपीके (फोनमध्ये ॲप टाकायच्या) फाइली व्हॉट्सॲपवर फिरतात, त्या खोट्या असतात. त्या फोनमध्ये टाकू नयेत, एवढे तरी पुढच्या पुरवणीत चौकटीत छापावे ही विनंती.

आपले,
काही खेळाडू वाचक
तालुका आर्वी, जिल्हा वर्धा